नागपूरचा पीळ

नागपूर म्हटले, की पुण्या-मुंबईच्या माणसाला संत्री आठवतात, ऊन आठवते आणि ते फार लांब आहे हेही आठवते. नागपूरकराला मात्र आपण लांब आहोत असे मुळीच वाटत नाही. लांब असाल तर तुम्ही! आणि यासाठी त्याच्यापाशी पुरावाही आहे. शहराच्या ऐन मध्यावर झीरो माइलचा दगडी खांब उभा आहे, शेजारी चार घोडे आहेत. इंग्रजांच्या अमदानीत देशाची मोजणी झाली तेव्हाची ही खूण. हिंदुस्थानचा मध्य तो हाच, असे येथला रिक्षावालादेखील तुम्हांला छातीवर हात ठेवून सांगेल. भूगोलाच्या मास्तरांनी यावर वाद घालू नये. मे महिन्याच्या उन्हात तर मुळीच घालू नये.

ज्या गावात अंतरे मोजायचा खांब आहे, त्याच गावात गेल्या मे महिन्यात मला एका फार लहान अंतराची ओळख झाली. ते मैलांत मोजत नाहीत. ते जेमतेम एक वीतभर असते. आणि त्या वितीत एक सूत कमी झाले की जास्त, यावर एका घरातली झोप उडालेली मी पाहिली. सूत म्हणजे आपल्या सुताराचे सूत, इंचाचा आठवा भाग.

हे अंतर धनुष्याचे आहे. नागपूरला धनुष्य परके नाही. हे शहर वसवले ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहाने, १७०२ साली. पुढे भोसले आले, इंग्रज आले, गेले; पण शहराच्या भोवती सातपुड्याकडे आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे जी राने पसरली आहेत त्यांत धनुष्यबाण ही पुराणातली वस्तू कधीच नव्हती, ती घरातली वस्तू होती. ईशान्येला पन्नासेक किलोमीटरवर रामटेक आहे. तेथे टेकडीवर राम उभा आहे, आणि रामाचे चित्र धनुष्यावाचून काढायचे म्हटले तर कोणाही मुलाचा हात अडेल. आणि अगदी अलीकडची गोष्ट सांगायची तर ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनला नागपूरच्या ओजस देवतळेने पंधरा बाणांत १५० पैकी १५० गुण मिळवून तिरंदाजीचे जागतिक विजेतेपद पटकावले. वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारा तो पहिला भारतीय पुरुष. त्याच दिवशी, त्याच मैदानावर, साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी महिलांत पहिली आली होती. त्याच वर्षी हांगझौच्या आशियाई स्पर्धांतून ओजस तीन सुवर्णपदके घेऊन आला, आणि नागपुरात घरोघरच्या मुलांना धनुष्याची स्वप्ने पडू लागली.

त्यांतले एक स्वप्न माझ्या भाचीला पडले.

माझी ताई धरमपेठेत राहते. भाऊजी सरकारी कचेरीत आहेत, निवृत्तीला चार वर्षे उरली आहेत. भाची दहावीतून अकरावीत जाणार. मुलगी धनुष्य मागते आहे म्हटल्यावर भाऊजींना पहिल्यांदा वाटले, रामनवमीच्या जत्रेत मिळते तसले असेल. किंमत कळल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी दोघा हातांतून गेलेले एक जुने धनुष्य मिळाले. तेही काही स्वस्त नव्हते. स्वयंपाकघरात नवा ओटा व्हायचा होता, तो झाला नाही, एवढे सांगितले म्हणजे गृहिणींना हिशेब कळेल.

येथे एक खुलासा केला पाहिजे. ओजसचे धनुष्य वेगळ्या जातीचे. त्याला कंपाउंड म्हणतात. त्याच्या टोकांना चाके असतात, तारा असतात. ते धनुष्य कमी आणि यंत्र जास्त. भाचीचे धनुष्य रिकर्व्ह. त्याची टोके उलटी, समोरच्या बाजूला वळलेली असतात. १९७२ साली म्युनिकला तिरंदाजी ऑलिंपिकमध्ये परत आली तेव्हापासून तेथे हेच चालत आले आहे. कंपाउंडला आता कुठे २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी, तेही मिश्र जोडीपुरते, दार उघडले आहे. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियोला गेला तो रिकर्व्ह घेऊनच. भाचीच्या वहीच्या पहिल्या पानावर ओजसचे चित्र आणि दुसऱ्या पानावर प्रवीणचे. मी विचारले, “पहिला मान कोणाला?” तर म्हणाली, “मामा, एक आपल्या गावचा आहे अन् एक आपल्या धनुष्याचा.” या उत्तरावर मी काय बोलणार!

सराव पहाटे. मे महिन्यात नागपुरात शहाणी माणसे जी काय कामे करायची ती साडेनवाच्या आत उरकतात. धरमपेठेतून निघून आम्ही फुटाळ्याच्या तलावावरून गेलो तेव्हा पाण्यावर अजून गारवा होता, काठाला चहाच्या टपऱ्या उघडत होत्या, आणि एका कोपऱ्यात तर्री-पोह्यांच्या पातेल्याला आच लागत होती. त्या तर्रीविषयी मी स्वतंत्र लेख लिहीन. पोटाने परवानगी दिली तर. मैदान पुढे होते. तांबूस माती, कडेला कडुलिंबांची रांग, आणि साठ मीटरवर गवताच्या जाड गठ्ठ्यांवर लावलेली रंगीत वर्तुळे. सगळ्यांत आतले दहा गुणांचे वर्तुळ बारा सेंटिमीटरांच्या आसपास, म्हणजे चहाच्या बशीहूनही लहान. साठ मीटरवरून ती बशी मला तर दिसलीही नाही. पिवळा ठिपका दिसला, तो श्रद्धेने.

मुले पिशव्यांतून धनुष्याचे भाग काढून जोडत होती. मधली धातूची मूठ म्हणजे रायझर. तिच्या वर एक आणि खाली एक अशा दोन लवचीक पट्ट्या बसवतात. इंग्रजीत त्यांना जो शब्द आहे तो या मुलांच्या तोंडी ‘लिंब’ होतो. “मामा, माझं वरचं लिंब दे नं,” असे सरळ चालते. आणि आम्ही उभे होतो तेही कडुलिंबाखालीच. मग दोरी चढते. ती पायाखाली धनुष्य दाबून, दातओठ खाऊन चढवायची नसते. त्यासाठी एक वेगळी लांब दोरी असते. ती दोन्ही टोकांना अडकवायची, मध्यावर पाय ठेवायचा आणि मूठ वर ओढायची. लिंबे वाकतात, आणि तेवढ्यात खऱ्या दोरीचा फास वरच्या खाचेत सरकवून द्यायचा. दहावीतली मुलगी हे अर्ध्या मिनिटात करते. द्रौपदीच्या स्वयंवरात भल्याभल्या राजांना जे जमले नाही आणि धनुष्याच्या उसळीने जे उताणे पडले, त्यांना ही तीन रुपयांची युक्ती कोणी सांगितली असती तर महाभारत तेथेच निराळ्या वाटेने गेले असते. होमरच्या काव्यातही ओडिसियसच्या घरी जमलेले उमेदवार नेमके याच परीक्षेत नापास होतात. नेम पुढे, आधी दोरी.

दोरी चढली, म्हणजे मुठीच्या सर्वांत खोल जागेपासून दोरीपर्यंत जे अंतर उरते, ते आमचे वीतभर अंतर. मुले त्याला ब्रेस हाइट म्हणतात. इंग्रजांचे जुने तिरंदाज ते मुठीवर अंगठा उभा करून मोजत. आजची मुले एक छोटा धातूचा गुण्या लावतात. सुताराचा असतो तसाच काटकोनी, फक्त दोरीला अडकवायची सोय असलेला. भाचीचे धनुष्य सहासष्ट इंची. त्याला हे अंतर साडेआठ इंचांच्या आसपास, एखादे सूत इकडे, एखादे तिकडे, असे लागते.

एवढ्याशा अंतरावर अडते काय? पुष्कळ अडते. दोरी मुठीच्या फार जवळ राहिली तर बाण तिच्यावर जास्त वेळ राहतो. त्याला धक्का जरा जास्त मिळतो हे खरे, पण तेवढा वेळ तुमच्या हाताचा प्रत्येक थरकाप त्याला लागतो. आणि सुटलेली दोरी पुढे जाऊन मनगटावर सणसणीत बसते. दोरी फार लांब राहिली तर लिंबांवर विनाकारण ताण, आणि ओढीचा रस्ता आखूड झाल्यामुळे बाणाचा वेग कमी. या दोन टोकांच्या मध्ये प्रत्येक धनुष्याची अशी एक जागा असते, की तेथे ते शांत होते. सोडल्यावर फटकारत नाही, करकरत नाही, खोल आवाजात एकदाच ‘धम्म’ म्हणते. कवींनी प्रत्यंचेच्या टणत्काराचे वर्णन केले आहे ते शत्रूला भिववण्यासाठी. मैदानावर ज्याचे धनुष्य टणत्कार करते त्याच्याकडे सर वळून बघतात.

त्या दिवशी भाचीचे धनुष्य टणत्कार करत होते.

आणि बाण एका जागी बसत नव्हते. तीन पिवळ्यात, एक लाल्यात, दोन थेट निळ्यात. पुढच्या रविवारी जिल्ह्याची निवड होती. भाऊजी कडेला उभे राहून प्रत्येक बाणासरशी मान हलवत होते, आणि घरी येताना त्यांनी मला गाडीतच सांगितले, “आठ दिवसांपासून असंच होऊन राहिलं आहे. लिंबं गेली असतील. जुनंच होतं नं शेवटी. उन्हानं ताकद उतरली त्यांची. आता नवीन घेतल्याशिवाय इलाज नाही.” पतपेढीच्या कर्जाचा फॉर्म त्यांच्या शर्टाच्या खिशात घडी करून ठेवलेला होता. निवृत्तीला चार वर्षे उरलेल्या माणसाने कर्जाचा फॉर्म खिशात ठेवून फिरावे, ही गोष्ट मला फार लागली.

भाची मागच्या बाजूला बसून बाहेर पाहत होती. अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. नागपुरात मे महिन्यात मुली हात, तोंड, डोके सगळे झाकूनच बाहेर पडतात. डोळे तेवढे उघडे. एखाद्या टोळीत सामील व्हायला निघाल्यासारख्या दिसतात. तेव्हा त्या बाह्यांचे कोणाला काही वाटले नव्हते. घरी आल्यावरही तिने बाह्या वर केल्या नाहीत तेव्हा ताईने हात धरून वर केल्या. डाव्या मनगटाच्या वर, चामड्याची पट्टी जेथे संपते तेथे, बोटभर रुंद निळा वळ होता. दोरीचा.

“बोलली काहून नाहीस?” ताईने विचारले.

ती म्हणाली, “बोलली असती तर बाबांनी त्याच दिवशी फॉर्म भरला असता.”

संध्याकाळी भाऊजी सरांना भेटायला निघाले, मीही बरोबर गेलो. सर म्हणजे पन्नाशीचे, उन्हाने रापलेले गृहस्थ. भाऊजींनी सगळी हकिगत सांगितली; लिंबांची, उन्हाची, कर्जाची. सरांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “दोरी कधी बदलली?”

“झाले पंधरा दिवस.”

“त्यानंतर गुण्या लावला होता?”

भाऊजी गप्प. लावला होता, पहिल्या दिवशी, एकदा.

“आधी गुण्या लावा,” सर म्हणाले, “मग पतपेढीत जा.”

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही दिवाणखान्यातल्या पंख्याखाली चटई अंथरली आणि धनुष्य जोडले. कूलरचा आवाज एवढा होता की तो बंद करावा लागला, आणि नागपुरात मे महिन्यात ज्या कामासाठी कूलर बंद होतो ते काम महत्त्वाचे समजावे. भाचीने गुण्या लावला. साडेआठ पाहिजेत तेथे बरोबर आठ भरले. अर्धा इंच, म्हणजे चार सुते, पंधरा दिवसांत कुठे गेली?

गेली ती पिळात. ही दोरी म्हणजे सरळ धाग्यांचा जुडगा. धागा डेक्रॉनचा, म्हणजे ज्या टेरिलीनच्या शर्टांनी एके काळी आपल्या वडील मंडळींना इस्त्रीच्या कटकटीतून सोडवले त्याच जातीचा. दोन टोकांना दोन फास, आणि मध्ये बोटे व बाण लागतात तेथे दुसऱ्या धाग्याचे घट्ट वेष्टण. हे धागे नुसते शेजारी शेजारी राहिले तर पसरतात. म्हणून दोरीला पीळ देतात. पीळ दिला की धागे सरळ न जाता नागमोडी जातात आणि दोरी आखडते. दोरी आखडली की लिंबे जास्त वाकतात आणि वीत वाढते. दोरी एक सूत आखडली तर वीत त्याहून जास्त वाढते, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे. आता नवी दोरी वापराने बसते, थोडी ताणली जाते. उन्हात तर अधिकच. हे झाले एक कारण. दुसरे कारण घरातलेच होते. रोज सराव संपला की सामान आवरायचे काम भाऊजींचे. ते मोठ्या प्रेमाने दोरी दोन्ही टोकांतून काढत, झटकत, आणि पुतळ्याच्या हारासारखी गुंडाळून डबीत ठेवत. झटकताना रोज एकेक-दोनदोन पीळ सुटून जात होते. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात; पण सुंभाचे एक टोक मोकळे सोडले तर तो न जळताही जातो, हे त्या म्हणीत कोणी घातलेले नाही.

भाचीने दोरी उतरवली, खालचा फास काढून पीळ मोजले. चौदा उरले होते.

मग काम सुरू झाले. खालचा फास बोटात धरून एकेक वेढा द्यायचा. मधले वेष्टण ज्या दिशेने गुंडाळले आहे त्याच दिशेने, नाहीतर ते सैल पडते. आठ पीळ दिले. दोरी पुन्हा चढवली. लगेच मोजायचे नाही. चार-पाच वेळा हलकेच ओढून तिला बसू द्यायचे. बाण न लावता ओढलेली दोरी सोडून मात्र द्यायची नाही, हे तिने मला दोनदा बजावले. तसे केले तर बाणात जाणारा सगळा धक्का लिंबांत शिरतो. गुण्या लावला. आठ इंचांवर जेमतेम दोन सुते. भाऊजींचा चेहरा उतरला. “आठ पिळांनी एवढंच?”

पुन्हा उतरवली, पुन्हा आठ पीळ. आता तीस झाले. चढवली, ओढली, मोजली. साडेआठ.

पहिल्या आठांनी जेमतेम दोन सुते दिली, दुसऱ्या आठांनी दोन सुतांहून अधिक. हे मला विलक्षण वाटले, पण त्यात जादू नाही. दोरी जवळजवळ सरळ असताना पिळाने ती फारशी आखडत नाही. जसजसा वेढा तिरपा होत जातो तसतसा प्रत्येक नवा पीळ आधीच्यापेक्षा जास्त ओढून घेतो. म्हणूनच सर सांगतात की शेवटचे पीळ एकेक, दोनदोन करून द्यावे आणि दर वेळी मोजावे. हातात जोर आहे म्हणून देतच गेले तर दोरी जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी आपल्याच अंगावर गाठी मारू लागते, आणि अशी दोरी स्प्रिंगसारखी लवते. तंबोरा जुळवणाऱ्याला हे नवीन वाटणार नाही. खुंटी पिळताना पहिला अर्धा वेढा मोकळ्या हाताने आणि शेवटचा श्वास रोखून.

“तीस, साडेआठ” हे लिहून ठेवायला कागद पाहिजे होता. जवळ होता तो भाऊजींच्या खिशातला. भाचीने फॉर्मच्या पाठीमागे लिहिले, तारखेसह.

धनुष्य चढवलेले समोर पडले होते आणि मला राहवेना. मी तिला विचारले, “वर्तुळाच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेला तुमच्या भूमितीत काय म्हणतात?” म्हणाली, “जीवा.” जीवा म्हणजेच ज्या, आणि ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. आपल्या जुन्या गणितींनी वर्तुळाचा तुकडा पाहिला आणि त्यांना धनुष्य दिसले. वाकलेला भाग तो चाप, दोरी ती ज्या, आणि दोरीच्या मध्यापासून चापाच्या मध्यापर्यंतचे अंतर तो शर, म्हणजे बाण. म्हणजे ही मुले गुण्या लावून जे मोजतात तो जवळजवळ शरच. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त या तिघांचा हिशेब आहे: वर्तुळाच्या व्यासातून शर वजा करावा, उरलेल्याला शराने गुणावे, म्हणजे अर्ध्या ज्येचा वर्ग मिळतो. आपल्या रिकर्व्हची टोके उलटी वळलेली, त्यामुळे ते पूर्ण वर्तुळाच्या शिस्तीत बसत नाही. पण दोरी आखडली की शर वाढतो, ही गोष्ट त्या हिशेबातही तीच आणि चटईवरही तीच. हीच जीवा पुढे अरबांकडे गेली, तेथे तिचे ‘जीब’ झाले. लॅटिनमध्ये नेताना कोणी ते ‘जैब’ असे वाचले, म्हणजे वस्त्राची खोळ, आणि त्या अर्थाचा लॅटिन शब्द ‘सायनस’ तिला मिळाला. तोच दहावीच्या पुस्तकातला साइन.

भाची म्हणाली, “म्हणजे साइन थीटा ही दोरी आहे? मग वर्षभर आम्हांला सांगितलं काहून नाही?” याला मजजवळ उत्तर नव्हते. शिक्षणखात्याकडे असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने साठ बाण मारले. आवाज बदलला होता. सर पाठमोरे उभे होते. त्यांनी वळूनही पाहिले नाही, आणि भाऊजींना ते न वळणे फार आवडले. साठ बाणांनी दोरी एक सूत बसली. दोन पीळ आणखी दिले. सरांचा सल्ला असा, की निवडीपर्यंत आता दोरीला हात लावू नका. रोज मोजा, पण उगाच पिळू नका. वीत बदलली की बाणाची जागाही सरकते, आणि मग निशाण्याचे सगळे मोजमाप पुन्हा मांडावे लागते.

दुपार मोकळी होती. बाहेर पंचेचाळीसच्या पुढे पारा. अशा वेळी नागपुरात सावली शोधावी. आम्ही मध्यवर्ती संग्रहालयात गेलो. जुने नागपूरकर त्याला अजब बंगला म्हणतात, आणि १८६३ सालापासून तो तेथे आहे. जाड भिंती, उंच छत, मऊ अंधार. शिल्पे पाहिली, शस्त्रे पाहिली, आदिवासी दालनातून सावकाश फिरलो. तेथे मला कॅप्टन फोर्सिथ आठवला. मध्य हिंदुस्थानच्या रानांवर त्याने लिहिलेले पुस्तक १८७१ साली निघाले. सातपुड्याच्या माथ्यावरच्या बैगांचे धनुष्य पाहून त्याला नवल वाटले होते, कारण ते सबंध बांबूचे होते. कमान बांबूची, आणि दोरीसुद्धा बांबूचीच. बांबूच्या पाठीची पातळ, चिवट पट्टी काढायची आणि तीच दोरी.

भाचीने लगेच विचारले, “मग पीळ कसा देत असतील?”

सपाट पट्टीला पीळ देता येणार नाही, हे उघड होते. लांबी काय ठरवायची ती टोकाशी बांधतानाच ठरवायची. गुण्या नाही, मेण नाही, मोजायला फार तर आपली मूठ. आणि तेवढ्या मुठीच्या हिशेबावर संध्याकाळची चूल पेटायची. आमच्या घरी चुकलेल्या सुताने निवड हुकणार होती. तेथे चुकलेल्या सुताने जेवण हुकत असेल. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने डाव्या हाताची मूठ वळून अंगठा उभा केला आणि ती उंची डोळ्यांनी मोजत राहिली.

रविवारी निवड झाली. सकाळी सातला सुरू, म्हणजे ऊन चढायच्या आत अर्धे काम उरकावे. बहात्तर बाण, सहा-सहाचे बारा फेरे. मी मोजणी लिहायचा प्रयत्न केला आणि चौथ्या फेरीनंतर सोडून दिला. लिहिताना बघता येईना. ताई आलीच नव्हती. ती म्हणाली होती, मी घरीच बरी, तिथे मला बाण दिसत नाहीत आणि मुलीचं तोंड तेवढं दिसतं. सहाव्या फेरीनंतर विश्रांती झाली तेव्हा भाचीने आधी पाणी प्यायले नाही; आधी गुण्या लावला. साडेआठ. मग पाणी प्याली. शेवटच्या फेरीत वारा सुटला, तळ्याकडून, मे महिन्यात सुटतो तसला गरम आणि अडाणी वारा. त्यात सगळ्यांचेच बाण भरकटले, तिचेही दोन.

पाचवी आली. निवड चौघींची व्हायची होती, पाचवी राखीव. भाऊजींनी फळ्यावरचा आकडा दोनदा वाचला. गेल्या महिन्याच्या चाचणीपेक्षा एकेचाळीस गुण जास्त होते, त्याच जुन्या लिंबांवर. हाताची बाही तिने पहिल्या फेरीलाच कोपरापर्यंत दुमडली होती. जुना वळ पिवळा पडत चालला होता, नवा नव्हता. “राखीव म्हणजे काय करायचं असतं?” भाऊजींनी सरांना विचारले. सर म्हणाले, “तेच. रोज यायचं.”

मंडळी सामान आवरू लागली. भाचीने पायाने दोरी दाबून धनुष्य उतरवले, लिंबे सोडवली. दोरी काढायची वेळ आली तेव्हा भाऊजी पुढे झाले. त्यांनी एक फास उजव्या हाताच्या तर्जनीत आणि दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीत घातला, दोन्ही हात पुढे ताणून धरले, आणि भाचीने मधोमध धाग्याने बांधून देईपर्यंत ते उन्हात तसेच उभे राहिले. पतपेढीतला एक ओळखीचा माणूस तेथे आला होता. त्याने विचारले, “काय साहेब, फॉर्म देणार होता नं?” हात मोकळे नव्हते म्हणून भाऊजींनी नुसती मान हलवली.